वॉटचं गणित आणि बाबांचे कान

गाडीत म्युझिक सिस्टीम टाकायची म्हटली की दुनिया दोन पार्ट्यांत वाटली जाते. पहिली पार्टी म्हणते, 'एकच दणदणीत मोठा ॲम्प टाक, विषय कट!' दुसरी म्हणते, 'वेडी आहेस का? छोटे छोटे दोन टाक, मोठ्यात फसशील.' आणि एक तिसरी पार्टी असतेच. तिला ॲम्प म्हणजे नक्की काय हे ठाऊक नसतं, पण सल्ला देताना सगळ्यात मोठा आवाज तिचाच! गेले दोन महिने मी या तिन्ही पार्ट्यांच्या तावडीत होते.

आधी माझी केस सांगते. मी मुंबईत फ्रीलान्सिंग करते. म्हणजे 'सध्या काय चालू आहे?' या प्रश्नाचं उत्तर दर महिन्याला वेगळं असतं. घर सेवाग्रामला. हो, तेच, बापू कुटीवालं. मास कॉमला असताना हे सांगितलं की समोरचा आधी आदराने बघायचा आणि मग हळूच विचारायचा, 'म्हणजे तुमच्याकडे टीव्ही असतो ना?' आता तिथे बाबा एकटेच असतात. आई जाऊन दोन वर्षं झाली. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग मुंबईपर्यंत पूर्ण खुला झाला, ७०१ किलोमीटरचा तो सरळसोट रस्ता बघून मी रेल्वेच्या वेटिंग लिस्टला रामराम ठोकला आणि एक सेकंडहँड हॅचबॅक घेतली. महिन्यातून एक खेप मुंबई-सेवाग्राम. तिथे पोचल्यावर बाबांना घेऊन नागपूरच्या चकरा, त्या वेगळ्या. आठ-नऊ तास गाडीत बसणाऱ्या माणसाला सिस्टीम चांगली लागते. यात चैन काय आहे?

गाडीबरोबर आलेला स्टिरिओ शहरात ठीक वाजतो. समृद्धीवर १२० च्या स्पीडला मात्र त्याचा जीव जातो. टायरचा आणि वाऱ्याचा आवाज बराचसा खर्जातला असतो, तो आधी गाण्यातला खर्ज खातो. मग तुम्ही व्हॉल्यूम वाढवता, मग गाणं फाटायला लागतं. कारण साधं आहे. स्टिरिओच्या खोक्यावर '५० वॉट गुणिले ४' असं झोकात लिहिलेलं असलं तरी आतली चिप एका चॅनेलला सलग देते ती १५-२० वॉटच. वरचा आकडा क्षणभराच्या उड्या मारण्याचा. सलग देता येणाऱ्या आकड्याला 'आरएमएस' म्हणतात. या अख्ख्या धंद्यात विश्वास ठेवण्यासारखा आकडा तेवढाच, बाकी सगळी लग्नपत्रिका! तर स्टिरिओचा दुबळा सिग्नल घेऊन, बॅटरीतून ताजी वीज ओढून, तो सिग्नल स्पीकर नीट हलवू शकेल एवढा मोठा करायचा, हे ॲम्पचं काम.

बजेट होतं पंचवीस हजार. त्यातले पंधरा हातात आणि दहा एका क्लायंटकडे अडकलेले. फ्रीलान्सर मंडळींना हे वाक्य समजावून सांगायची गरज नाही.

वर्ध्यात बजाज चौकाच्या पुढे एक कार डेकोरवाला आहे. त्याला सगळे उस्ताद म्हणतात. बाबांना बरोबर घेऊन गेले. उस्तादने माझ्याकडे एकदा बघितलं, मग बाबांकडे वळून बोलायला लागला. (कार ॲक्सेसरीजच्या दुकानात बाईमाणूस अदृश्य होते, हा माझा अनुभव मुंबईपासून वर्ध्यापर्यंत सारखाच आहे.) 'काकाजी, पाच चॅनेलवाला एकच घेऊन टाका. पुढचे दोन, मागचे दोन, वूफर, सगळं एकाच डब्यात. दोन काहून लावता? वायरिंगचा नुसता पसारा होऊन राहते. सांगा ना ताईले!'

बाबा म्हणाले, 'गाडी तिची, पैसे तिचे. मी फक्त बसणारा.' मग थोडं थांबून, 'पण डबा बसला तर?'

उस्तादला तो प्रश्न फारसा आवडला नाही. मला मात्र तिथल्या तिथे कळलं की आता गोष्ट येणार.

बाबा शाळामास्तर होते. तीसेक वर्षं शाळेचा आहुजाचा ॲम्प्लिफायर त्यांच्या ताब्यात होता. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, गॅदरिंग, सगळीकडे माइकवाले तेच. एका २६ जानेवारीला प्रमुख पाहुण्यांचं भाषण रंगात आलेलं असताना तो मोठा ॲम्प धूर सोडून गप्प झाला. मैदानावर पाचशे पोरं. पाहुणे बोलताहेत, दिसताहेत, ऐकू कुणालाच येत नाहीत. पोरांच्या दृष्टीने त्या वर्षीचा तो सर्वोत्तम कार्यक्रम ठरला असणार! त्यानंतर बाबांनी हट्टाने दोन लहान ॲम्प घ्यायला लावले. मैदानाच्या डाव्या हाताचे कर्णे एकावर, उजव्या हाताचे दुसऱ्यावर. एक बसला तरी अर्धं मैदान चालू राहतं.

मी घरी येऊन हे तपासलं, कारण मास्तरांच्या गोष्टींना थोडा मसाला असतो. तत्त्व अगदी बरोबर निघालं. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. म्हणून एकच प्रचंड भोंगा लावला तर पुढच्यांचे कान फाटतात आणि मागच्यांना काही ऐकू येत नाही. खांबाखांबावर लहान कर्णे लावले की सगळ्यांना बेताचं, पण सारखं ऐकू येतं. मोठ्या सभांचे जुने फोटो बघा. गांधीजींसमोरच्या माइकवर 'शिकागो रेडिओ' अशी पाटी असते. नाव शिकागो असलं तरी कंपनी आपल्याकडच्या मोटवानींची. ज्या माणसाचा आवाज मुळातच बारीक होता आणि जो सोमवारी मौनच पाळायचा, त्याला लाखांच्या सभेत शेवटच्या माणसापर्यंत पोचवायचं काम अशा लोकांनी केलं. सेवाग्रामच्या पोरीने ॲम्पवर लेख लिहायला हरकत नाही, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं.

पण मैदान वेगळं आणि गाडी वेगळी. गाडीत शेवटचा माणूस दीड मीटरवर बसलेला असतो. तेव्हा बाबांची गोष्ट गोड असली तरी आकडेमोड करणं भाग होतं.

सगळ्यात आधी वीज. ॲम्प एक लावा नाहीतर चार लावा, वीज येणार ती बॉनेटखालच्या अल्टरनेटरमधून. माझ्यासारख्या छोट्या गाडीत तो साधारण ६० ते ९० अँपिअरचा असतो. त्यातले तीसेक तर एसीचा ब्लोअर, रेडिएटरचा पंखा, हेडलाइट, फ्युएल पंप हे घरचेच लोक खातात. आता गणित. मला हवे होते पुढे-मागे मिळून चार चॅनेल, प्रत्येकी ५० वॉट, आणि वूफरला २५० वॉट. एकूण ४५०. डी क्लासचा ॲम्प घेतलेल्या विजेच्या ८० टक्के आवाजात उतरवतो असं धरा, म्हणजे आत ५६० वॉट लागले. गाडी चालू असताना १३.८ व्होल्ट असतात, म्हणजे झाले ४१ अँपिअर, तेही फुल व्हॉल्यूमला. गाण्यातली सरासरी याच्या तिसऱ्या हिश्श्याच्याही खालीच असते. थोडक्यात काय, तर हे माझ्या गाडीला झेपतं. उस्तादचा पाच चॅनेलवाला होता चार वेळा ७५ आणि वूफरला ५००, म्हणजे ८०० वॉट. तेच गणित केलं तर ७२ अँपिअर. जोरदार ठेका आला की हेडलाइट डिस्को करणार!

यातली गंमत लक्षात घ्या. ४५० वॉट एका डब्यातून काढले काय किंवा दोन डब्यांतून काढले काय, अँपिअर तेवढेच. 'दोन छोटे लावले की बॅटरीवर लोड कमी येतो' ही थाप आहे. 'एकच लावला की वीज वाचते' हीसुद्धा. अल्टरनेटरला डब्यांची संख्या कळत नाही, त्याला बेरीज कळते.

दुसरी थाप खोक्यावर असते. २००० वॉट, ३००० वॉट, वर ज्वाळांचं चित्र. अशा वेळी एकच करायचं. डबा उलटा करायचा आणि फ्यूज बघायचा. फ्यूज ४० अँपिअरचा असेल तर ४० गुणिले १३.८, म्हणजे ५५२ वॉट. यापेक्षा जास्त वीज त्या डब्यात सलग शिरूच शकत नाही. त्याचे ८० टक्के धरले तर बाहेर पडणार ४४० च्या आसपास. जुना एबी क्लास असेल तर आणखी कमी, कारण त्यात निम्म्याच्या आसपास वीज नुसती उष्णता होऊन जाते. मी हे उस्तादसमोर मोबाइलवर करून दाखवलं. तेव्हापासून तो माझ्याशी बोलायला लागला. खोक्यावर सीटीए-२००६ असा उल्लेख असेल तर बरं, म्हणजे ते वॉट १४.४ व्होल्टला, ठरलेल्या पद्धतीने मोजलेले असतात.

आणि मुळात ५०० की १०००, हा वादही ऐकायला वाटतो तेवढा मोठा नाही. वॉट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. कानाला 'दुप्पट' वाटायला १० डेसिबल लागतात, म्हणजे वॉट दहापट. मित्राचा ॲम्प माझ्यापेक्षा डबल आहे म्हणून जळू नका. त्याच्या आणि तुमच्या गाडीतला फरक व्हॉल्यूमच्या एक-दोन खटक्यांचा आहे.

तिसरी गोष्ट विदर्भाची स्पेशल. ऊन. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ च्या पुढे जातो. बंद काचांची गाडी दुपारी दोन तास उभी करून आत बसा, स्टिअरिंगवर पापड भाजून निघेल. ॲम्पची हीटसिंक साधारण ८० अंशांच्या पुढे गेली की तो जीव वाचवायला स्वतःहून बंद पडतो. एकच मोठा डबा असेल तर सगळी उष्णता एका जागी आणि तो बंद पडला की गाडी मुकी. दोन असतील तर उष्णता दोन जागी वाटली जाते आणि वूफरवाला तापून झोपला तरी गाणं चालू राहतं. म्हणजे बाबांचं अर्धं मैदान इथे खरं ठरलं! शिवाय मोठा डबा डिकीतच जाणार. माझी डिकी रिकामी लागते, कारण जाताना मुंबईतल्या अर्ध्या मित्रमंडळाची गोरसपाकची ऑर्डर असते. छोटे डी क्लासचे ॲम्प सीटखाली बसतात. फक्त चारी बाजूंनी दोन-तीन बोटं हवा खेळायला हवी आणि वर मॅट अंथरायची नाही.

आता एकाच डब्याच्या बाजूने बोलते, नाहीतर उस्तादवर अन्याय होईल. एक डबा म्हणजे बॅटरीपासून एकच जाड वायर, एकच फ्यूज, एकच अर्थिंग. दोन लावले की मध्ये डिस्ट्रिब्युशन ब्लॉक आला, पुढे प्रत्येकाला वेगळा फ्यूज आला. दोघांचं अर्थिंग दोन वेगळ्या जागी दिलं की गाडी रेस करताना स्पीकरमधून 'चूंऽऽ' अशी शिट्टी यायला लागते, ती इंजिनच्या आरपीएमबरोबर चढते-उतरते. ही शिट्टी शोधण्यात लोकांचे महिने गेलेत. स्टिरिओमधून ॲम्प चालू करायची जी बारीक रिमोट वायर येते, तिचा जीवही चिमणीएवढा असतो. एक-दोन ॲम्प ठीक, तीन-चार लावले तर मध्ये रिले टाकावा लागतो. आणि दोन ॲम्पच्या आउटपुटच्या वायरी एकत्र पिळून एकाच स्पीकरला देणारे महाभागही मी ऐकलेत. कृपा करून असं काही करू नका, दोन्ही जळतात.

तेव्हा कुणाला सुरुवातीपासूनच नक्की माहीत असेल की मला हे चार स्पीकर आणि हा एक वूफर लावायचाय, पुढची पाच वर्षं काही बदलायचं नाही आणि पैसे तयार आहेत, तर त्याने खुशाल एकच पाच चॅनेलचा घ्यावा. सुटसुटीत काम. पण मी ओळखते त्या तिशीच्या आतल्या कुणाला पुढच्या पाच वर्षांचं काही नक्की माहीत आहे? मला पुढच्या महिन्याचं भाडं नक्की माहीत नसतं. मी दोनांवाली. आधी एक, पैसे आले की दुसरा. दोनाच्या वर मात्र नाही. हॅचबॅकमध्ये तीन-चार ॲम्प म्हणजे शायनिंग.

एवढ्यावर लेख संपायला हरकत नव्हती. पण माझा निर्णय खरं तर वॉटवर झालाच नाही, तो बाबांच्या कानांवर झाला.

मागच्या वर्षी त्यांच्या कानांची तपासणी झाली. वयाबरोबर येणारा बहिरेपणा. खर्जातलं जवळजवळ सगळं ऐकू येतं, ३००० हर्ट्झच्या वरचं फार कमी. डॉक्टर मॅडमनी आलेख काढून दाखवला, डावीकडून सरळ आलेली रेघ मध्येच कड्यावरून खाली पडावी तशी. त्याचा अर्थ व्यवहारात असा की आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. स्वर खालच्या पट्टीतले, ते पोचतात. शब्दाला धार देणारी स, श, च, फ ही व्यंजनं वरच्या पट्टीतली, ती गळतात. मराठीत यामुळे काय मजा होते बघा. सहा, चहा, दहा. 'बाबा, चहा?' म्हटलं की ते विचारतात, 'दहा कशाला?' कानाचं मशीन आहे. सकाळी घालतात, दुपारपर्यंत ते टेबलाच्या ड्रॉवरमध्ये जातं. 'शिट्टी वाजून राहते बेटा, कानात कुकर घेऊन फिरायचं काय?'

आणि आईच्या माझ्या फोनवर ४३ व्हॉइस नोट आहेत. तिला टाइप करायचा कंटाळा होता, ती सगळं बोलून पाठवायची. त्यात भावनिक असं काहीही नाही. किराणा, शेजारच्यांचं लग्न, नळ आला नाही, तू जेवलीस का. बाबांना त्या एकदा फोनवर लावून दिल्या होत्या. फोन कानाला धरून त्यांनी दोन नोटा ऐकल्या आणि परत दिला. म्हणाले, 'आवाज तिचाच आहे. काय बोलते ते नाही कळत.' नंतर त्यांनी कधी मागितल्या नाहीत, मीही लावल्या नाहीत.

डॉक्टर मॅडमना मी विचारलं होतं, आवाज वाढवला तर? त्या म्हणाल्या, नुसता आवाज वाढवून उपयोग नाही, उलट खर्ज जोरात असेल तर तो वरच्या पट्टीतलं उरलंसुरलंही झाकून टाकतो. इथे माझी ट्यूब पेटली. मोठा डबा, ५०० वॉटचा वूफर, धडाम धुडुम. तो माझ्यासाठी सॉलिड असेल, पण शेजारच्या सीटवरच्या माणसाचा शेवटचा 'स' तो खाऊन टाकणार होता. पुढच्या स्पीकरना स्वच्छ, न फाटणारी ताकद हवी आणि खर्ज पूर्णपणे वेगळ्या हातात हवा. वेगळा ॲम्प, वेगळा नॉब, आणि हवं तेव्हा शून्य. खरं सांगायचं तर पाच चॅनेलच्या बऱ्याच ॲम्पनाही वूफरचा वेगळा नॉब येतो, त्यामुळे हा मुद्दा एकट्याने निकाल लावणारा नाही. पण तो आणि पंधरा हजार आणि डिकीतला गोरसपाक, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत होते.

उस्तादकडे परत गेले. चार चॅनेलचा छोटा डी क्लास ॲम्प, पुढच्या दारात कॉम्पोनंट स्पीकरचा सेट, त्यातले ट्वीटर काचेशेजारच्या खांबावर, कानाच्या उंचीच्या जवळ. मागचे स्पीकर कंपनीचेच ठेवले. बॅटरीपासून वायर मात्र मी ४ गेजची आणि शुद्ध तांब्याची टाकायला लावली, एका ॲम्पला गरज नसतानाही. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर स्वस्त असते. ती तापते जास्त आणि व्होल्टेजही जास्त पाडते. पुढे दुसरा ॲम्प येणार, तेव्हा गाडीचं कार्पेट पुन्हा कोण उचकटणार? मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभर-दीड वीत अंतरावर. हा फ्यूज ॲम्पला वाचवायला नसतो, वायर बॉडीला घासली तर गाडी पेटू नये म्हणून असतो. उस्ताद म्हणाला, 'ताई, तुम्ही दुकानच टाका.' सिग्नलची वायर एका बाजूने, पॉवरची दुसऱ्या बाजूने, अर्थिंगच्या जागी रंग खरवडून चकचकीत पत्रा. शिट्टी आली नाही!

सेटिंगला आमचा खरा वेळ गेला. क्रॉसओव्हरवर ट्वीटरसाठी अधिक ३ चा जंपर होता, तो लावला. इक्वलायझरमध्ये २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्या थोड्या वर, ८० च्या आसपासची खाली. बॅलन्स दोन घरं डावीकडे, बाबांच्या बाजूला. माझ्या कानांना ते जरा चिरकं लागतं. 'सस्स' करून टोचतं. मी एकटी असले की माझं सेटिंग, बाबा बसले की त्यांचं. स्टिरिओमध्ये दोन्ही सेव्ह आहेत, एकाचं नाव 'मी', दुसऱ्याचं 'मास्तर'.

पहिली टेस्ट ड्राइव्ह वर्ध्याहून सेवाग्राम, आठ किलोमीटर. गावात शिरताना कस्तुरबा हॉस्पिटल लागतं. हॉस्पिटलच्या भोवती १०० मीटर सायलेन्स झोन. नियमाप्रमाणे दिवसा ५० डेसिबल, रात्री ४०. डीजेच्या भिंतींना हा आकडा कुणी सांगितलाय का, हा वेगळा विषय. आम्ही काचा वर करून आवाज कमी केला. पुढे आश्रमाचा रस्ता. तिथे तर मी लहानपणापासून आपोआपच हळू बोलते, सायकलची घंटीसुद्धा वाजवत नसू. तेव्हा आम्ही गाडी घराच्या अंगणात लावली, काचा बंद ठेवल्या आणि मग गाणी लावली. आकाशवाणीही लावली. बाबा बातम्या ऐकत होते. निवेदिकेचा एक उच्चार चुकला तशी जीभ चावून 'च्' केलं. म्हणजे उच्चार ऐकू आला होता.

त्यानंतर मी फोन जोडला आणि काही न सांगता एक व्हॉइस नोट लावली. आईची, तीन वर्षांपूर्वीची. 'येताना गोरसपाक आण, दोन डबे. आणि बाबांना सांग, सिलिंडर सहा तारखेला येणार आहे, पैसे फ्रिजवर ठेवलेत.' अकरा सेकंदांची असेल.

बाबा समोर काचेकडे बघत होते. म्हणाले, 'पुन्हा लाव.'

पुन्हा लावली.

'सहा म्हणाली ना?' त्यांनी विचारलं. मी मान हलवली. 'सहाला नाही आला सिलिंडर. आठला आला. दोन दिवस हिटरवर पाणी तापवलं.' मग सीट थोडी मागे केली आणि म्हणाले, 'बाकीच्या किती आहेत?'

त्या दिवशी आम्ही अकरा ऐकल्या. बॅटरी उतरेल म्हणून मधून मधून मी इंजिन चालू करत होते. उरलेल्या बत्तीस तशाच आहेत. नागपूरच्या खेपेला एक-दोन ऐकायच्या, असं त्यांनीच ठरवलंय. एका नोटमध्ये ती त्यांच्याबद्दलच तक्रार करते, ती मी क्रमाने शेवटी ढकलली आहे.

वूफरचा ॲम्प अजून आलेला नाही. क्लायंट म्हणतो, अकाउंट्सला पाठवलंय. त्याच्यासाठी टाकलेली वायर माझ्या सीटखाली टोकाला टेप गुंडाळून पडली आहे. उस्ताद दर खेपेला विचारतो, 'ताई, दुसरा कधी?' आणि बाबा उत्तर देतात, 'घाई काय हाय?'